अंतराळाची वर्गणी

"मावशी, तुझं कार्ड परदेशात चालतं का गं?"

2025 च्या जुलैतल्या एका रविवारी भाच्यानं हे विचारलं, तेव्हा मला वाटलं, कुठल्यातरी परीक्षेची फी भरायची असेल. तो चोवीस वर्षांचा आहे. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो, सिडकोत पवननगरला दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. घर निफाड तालुक्यात, विंचूरच्या अलीकडे. वडील कांदा करतात. कार्ड त्याच्याकडेही होतं, पण त्यावर परदेशी व्यवहार बंद होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑक्टोबर 2020 पासून नवी कार्डं तशीच येतात, ग्राहकानं स्वतः चालू केल्याशिवाय ती देशाबाहेर चालत नाहीत. चालू करणं म्हणजे फोनवर दोन मिनिटांचं काम. ते त्यानं केलं नव्हतं. त्याआधी कुणाशी तरी बोलावं, असं त्याला वाटत होतं.

फी एका खेळाची होती. 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा अंतराळातला खेळ, महिन्याला 19.99 डॉलर. तेव्हाच्या दरानं साडेसतराशे रुपयांच्या आसपास, आणि तेही दर महिन्याला. "सुरू करू का?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं उत्तर तयार होतं: मुळीच नको. खोलीतल्या मित्रांचं उत्तरही तयार होतं: इतके खेळ फुकट असताना पैसे कशाला? त्यांच्यापैकी कुणीच तो खेळ पाहिलेला नव्हता. मी म्हटलं, गणपतीपर्यंत थांब, मी बघते. त्या दोन महिन्यांत मी जे वाचलं, विचारलं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर खेळून पाहिलं, ते इथं लिहिते आहे. हा प्रश्न एकट्या माझ्या भाच्याचा नाही. पुढच्या काही वर्षांत तो पुष्कळ घरांत विचारला जाईल, आणि तेव्हा 'खेळ वाईट' किंवा 'खेळ चांगला' यापेक्षा नेमकं काहीतरी सांगता यायला हवं.

'ईव्ह' हा आइसलंडचा खेळ. रेकयाविकच्या सीसीपी या कंपनीची स्थापना 1997 ची. सुरुवातीचं भांडवल त्यांनी पटावरचा एक घरगुती खेळ विकून उभं केलं होतं. 'ईव्ह' सुरू झाला 6 मे 2003 रोजी. 2013 पर्यंत त्याच्या सदस्यांची संख्या पाच लाखांवर गेली. आइसलंडची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या घरात होती. 2018 मध्ये दक्षिण कोरियाच्या पर्ल अ‍ॅबिस कंपनीनं सीसीपी विकत घेतली. खेळ चालूच राहिला आणि 2025 मध्ये तो बावीस वर्षांचा झाला. माझ्या भाच्याहून दोनच वर्षांनी लहान.

यात सात हजारांहून जास्त सूर्यमाला आहेत आणि चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर जगातले सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात. इतर बहुतेक ऑनलाइन खेळांत गर्दी झाली की त्याच जगाच्या दहा-वीस प्रती काढतात आणि माणसं त्यांत वाटून देतात. इथं प्रत एकच, आणि ती लंडनमधल्या यंत्रांवर चालते. त्यामुळे इथं घडलेलं घडून राहतं. जहाज फुटलं की गेलं. चालक मरत नाही, त्याचा क्लोन दुसरीकडे जागा होतो. पण जहाज आणि त्यातला माल परत येत नाही. विमा काढता येतो, त्यात थोडीफार भरपाई मिळते. 'परवडेल तेवढंच उडव' हे नव्या माणसाला मिळणारं पहिलं शहाणपण.

पहिल्या आठवड्यात मी अवकाश कमी पाहिलं आणि तक्ते जास्त. लघुग्रहावर लेझर लावून वेल्डस्पार नावाचं खनिज काढायचं, ते वितळवून ट्रिटॅनियम करायचं, ते विकायचं किंवा त्यातून काही बनवायचं. हे करताना पडद्यावर याद्या, भाव, अंतरं, टक्केवारी. 2022 साली रेकयाविकच्या मेळाव्यात कंपनीनं मायक्रोसॉफ्टबरोबर मिळून खेळातली आकडेवारी थेट एक्सेलमध्ये नेण्याची सोय जाहीर केली, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा गजर झाला होता. ज्याला आकड्यांत रस नाही, त्याला हा खेळ चार दिवसांत नकोसा होईल. भाच्याला आकड्यांचं वेड आहे, आणि ते कुठून आलं हे मला ठाऊक आहे.

तो लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायचा तेव्हाही रोज संध्याकाळी वडिलांना फोन करून भाव विचारायचा. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत: सायकलनं जाऊन येण्याएवढी अंतरं, पण एकाच दिवशी तिन्हीकडे भाव वेगळा. आज ट्रॅक्टर कुठे लावायचा, हा निर्णय सकाळी सहाला घ्यायचा असतो. कांदा चाळीत किती ठेवायचा, किती काढायचा, सडीचा हिशेब काय धरायचा. आणि हे सगळं जुळवून आणल्यावर दिल्लीहून एक अधिसूचना निघते. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, मे 2024 मध्ये ती अटींवर उघडली, सप्टेंबरात शुल्क निम्म्यावर आलं आणि 1 एप्रिल 2025 ला ते गेलं. शुल्क गेलं तरी त्या पावसाळ्यात भावानं मान वर काढली नाही. निफाडच्या शेतकऱ्याच्या मुलाला बाजार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

'ईव्ह'मधलं लासलगाव म्हणजे जिता. तीही एक सूर्यमालाच. तिच्यातल्या चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळ एक स्थानक आहे. ते बाजारपेठ व्हावं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. रस्ते सोयीचे होते, माणसं येत गेली, माणसं येतात म्हणून माल आला आणि माल येतो म्हणून आणखी माणसं आली. खेळातली जवळपास प्रत्येक वस्तू, गोळीपासून राक्षसी जहाजापर्यंत, खेळाडूंनीच खणलेल्या खनिजातून खेळाडूंनीच बनवलेली असते. भाव कंपनी ठरवत नाही. दूरच्या सीमेवर लढाई पेटली की जितात ट्रिटॅनियम चढतं. कुणी आधीच साठा करून बसलेला असतो, कुणी वाहतुकीत कमावतो, कुणाचं मालवाहू जहाज वाटेत लुटलं जातं. हा बाजार इतका खरा झाला की 2007 मध्ये कंपनीनं त्याच्या अभ्यासासाठी एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली.

भाच्यानं मला जिताच्या भावांचा आलेख दाखवला तेव्हा त्याचा चेहरा मी नीट पाहिला. मारामारीत त्याला फारसा रस नव्हता. "मावशी, इथं आवक-जावक सगळी दिसते. आणि मध्येच कुणी निर्यातबंदी लावत नाही," असं तो म्हणाला. हे वाक्य मला फार लागलं. ज्या मुलानं बापाची तीन वर्षांची मेहनत एका अधिसूचनेनं मातीमोल होताना पाहिली, त्याला नियम न बदलणारा बाजार हवासा वाटला तर त्याला पळपुटेपणा म्हणायला मी तयार नाही.

पण नियम न बदलणारा बाजार म्हणजे सज्जनांचा बाजार नव्हे, हेही त्याला सांगणं भाग होतं. 'ईव्ह'मध्ये फसवणूक नियमबाह्य नाही. सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या भागातही कुणी तुमच्यावर हल्ला करू शकतो. पोलीस येतात, हल्लेखोराचं जहाज नष्ट करतात, पण तोवर तुमचं गेलेलं असतं. खोटे करार, दामदुप्पट करून देण्याची आश्वासनं, संस्थेत वर्षभर विश्वास कमावून तिजोरी साफ करणारे, सगळं चालतं. 2009 साली खेळाडूंनीच चालवलेल्या 'ईबँक' नावाच्या बँकेच्या प्रमुखानं सुमारे 200 अब्ज 'इस्क', म्हणजे तिथलं चलन, उचललं आणि बाहेर खऱ्या पैशांत विकून टाकलं. तो ऑस्ट्रेलियातला सत्तावीस वर्षांचा तरुण होता; घराची अनामत आणि मुलाच्या आजारपणाचा खर्च भागवायला आपण हे केलं, असं त्यानं सांगितलं. बातमी फुटताच ठेवीदार पैसे काढायला धावले. पतसंस्थेच्या दारातल्या रांगा पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडू नयेत. कंपनीनं त्या तरुणाला खेळातून काढलं ते चोरीसाठी नाही. खेळातलं चलन खऱ्या पैशांना विकलं, हा त्याचा गुन्हा होता.

ही रेघ महत्त्वाची आहे, आणि ती का महत्त्वाची हे मला ऑगस्टमध्ये आणखी स्पष्ट झालं. गणपती आठवड्यावर आले होते. 20 ऑगस्टला लोकसभेनं आणि 21 ला राज्यसभेनं ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं, 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, या कायद्यानं बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. माझ्या बहिणीचा लगेच फोन आला: "बघ, सरकारनंच बंद केलं की नाही?" मी कायद्याचा मसुदा काढून वाचला. त्यात 'ऑनलाइन सोशल गेम' अशी वेगळी व्याख्या आहे. करमणुकीसाठी किंवा कौशल्यासाठी असलेला, पैज नसलेला खेळ. आणि अशा खेळाला प्रवेशासाठी वर्गणी घेता येते, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे, फक्त ती वर्गणी पैजेच्या स्वरूपाची नसावी. मी वकील नाही. पण ज्या खेळातून पैसे बाहेर काढणं हाच नियमभंग आहे, तो पैजेचा खेळ कसा होईल? ज्या खेळांनी तरुणांना कर्जात लोटलं त्यांच्या पंगतीला या खेळाला बसवू नये, असं मला वाटतं. बहिणीलाही मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "पैसे जात नसतील गं, पण वेळ?"

तिचं बरोबर होतं. खरा प्रश्न तोच होता, आणि तिथपर्यंत यायला मला महिना लागला.

'ईव्ह'चं घड्याळ एकच आहे, ग्रीनिचच्या वेळेचं. रोज सकाळी अकराला, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला, खेळ देखभालीसाठी थोडा वेळ थांबतो. युरोपातली माणसं संध्याकाळी कामावरून येऊन बसतात तेव्हा नाशिकमध्ये रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. त्यांचा भर ओसरतो तेव्हा आपली पहाट होत आलेली असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्र रंगते तेव्हा इथं सकाळची दुधाची पिशवी येते. आपल्या संध्याकाळच्या सोयीच्या वेळी ऑस्ट्रेलियाची माणसं तेवढी असतात.

आता भाच्याच्या पाळ्या पाहा. फर्स्ट, सेकंड, नाइट, दर आठवड्याला बदलत्या. सेकंड शिफ्ट संपवून तो बारा-साडेबाराला खोलीवर येतो, डोक्यातली मशीनची घरघर अजून थांबलेली नसते, झोप लगेच येत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी युरोप जागा असतो. अर्धं नाशिक झोपलेलं असताना हजारो माणसांचं गजबजलेलं गाव त्याच्यासाठी उघडं. ही सोय आहे आणि धोकाही तिथंच आहे. कारण पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट असते, सकाळी सहाला बस असते, आणि झोप न झालेल्या माणसाचा हात फिरत्या मशीनजवळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यातली खूण सोपी आहे: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं. भाच्यात यातलं काही नाही. पण ज्याच्या झोपेची वेळच दर सोमवारी बदलते, त्याला हे इतरांपेक्षा आधी तपासावं लागतं.

इथं खेळाच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. तो घाईचा खेळ नाही. कॉलेज रोडवरच्या एका गेमिंग कॅफेत मी गेले तेव्हा मुलं तासावर पैसे देऊन 'व्हॅलोरंट' नावाचा नेमबाजीचा खेळ खेळत होती. तिथं डोळ्याचं पातं लवेपर्यंत माणूस बाद होतो, आणि म्हणून चांगलं यंत्र, चांगलं इंटरनेट लागतं. 'ईव्ह'चा सर्व्हर सेकंदाला एकदा हिशेब करतो. लंडन लांब असल्यानं काही बिघडत नाही. हजारो जहाजं एका जागी लढायला आली तर यंत्रं कोलमडू नयेत म्हणून तिथला काळच संथ करतात, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. कौशल्यं खऱ्या घड्याळानं वाढतात. एखादी विद्या शिकायला लावली की तुम्ही कामावर असा की झोपलेले, ती शिकली जात राहते. पावसाळ्यात सिडकोत वीज जाते तेव्हा काय, हे मी मुद्दाम पाहिलं. एरवी जहाज आपोआप दूर निघून जातं. पण लढाईत गुंतलेलं असेल तर काही मिनिटं तिथंच उघड्यावर राहतं. खोलीवर इन्व्हर्टर नाही. म्हणजे लढाईपेक्षा बाजारच बरा.

या खेळातली सगळ्यात गाजलेली लढाई झाली 27 आणि 28 जानेवारी 2014 ला, बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या सूर्यमालेत. एकवीस तास चालली. साडेसात हजारांहून जास्त खेळाडू त्यात उतरले. सगळ्यात मोठ्या जातीची पंच्याहत्तर 'टायटन' जहाजं नष्ट झाली. गमावलेल्या मालाची खऱ्या पैशांतली किंमत तीन लाख डॉलरच्या आसपास धरली गेली. आणि ठिणगी कशानं पडली? त्या सूर्यमालेवरचा ताबा टिकवायला ठरावीक बिल भरावं लागतं, ते वेळेवर भरलं गेलं नाही. ताबा सुटला, शत्रू आत शिरले.

बिल आपोआप भरलं जाईल असं समजून माणसं निर्धास्त राहतात. याच्या उलटा अनुभव माझ्या घरचा आहे. मुलीसाठी एका ऑनलाइन शिकवणीची वर्गणी घेतली होती. दोन महिन्यांत तिनं ते सोडलं, आणि खात्यातून पैसे सात महिने जात राहिले. तेव्हा लक्ष गेलं नाही. आता परिस्थिती थोडी बरी आहे. ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीला ग्राहकाची आगाऊ मंजुरी लागते आणि पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना यावी लागते. तरी माझं मत पक्कं झालं आहे: करमणुकीची वर्गणी आपोआप कापली जाऊ देऊ नये. दर महिन्याला हातानं भरावी. हातानं भरताना माणूस क्षणभर थांबतो आणि गेल्या महिन्यात काय मिळालं हे आठवतो.

मराठीत वर्गणी हा शब्द जुना आणि घरातला आहे. 1840 साली सुरू झालेल्या इथल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी, गणपतीची वर्गणी, दिवाळी अंकांच्या फिरत्या वाचनालयाची वर्गणी. या सगळ्यांत पैसे देऊन आपण वस्तू विकत घेत नव्हतो. आपण कशाचे तरी सभासद होत होतो. 'ईव्ह'च्या बाबतीतही तसंच आहे हे मला उशिरा उमगलं. एकट्यानं खेळलं तर हा खेळ खनिज खणण्याचा कंटाळवाणा उद्योग आहे. त्याचा जीव आहे खेळाडूंनी बांधलेल्या संस्थांत. त्यांना ते कॉर्पोरेशन म्हणतात, अशा अनेक संस्थांची मिळून आघाडी होते. कुणी खजिनदार, कुणी मुत्सद्दी, कुणी मालवाहतूक बघणारा, कुणी नव्यांना शिकवणारा. 2008 पासून खेळाडू आपले प्रतिनिधी मतदानानं निवडतात आणि ते कंपनीशी बोलतात. 2011 मध्ये कंपनीनं सजावटीचे फारच महाग दागिने विकायला काढले, तेव्हा हजारो खेळाडूंनी जितातल्या स्मारकावर गोळ्या झाडून निषेध केला, आणि पुढे कंपनीला माफी मागावी लागली.

अशा संस्थेत माणसं एकमेकांची खरी होतात. शॉन स्मिथ हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातला कर्मचारी 'व्हाइल रॅट' या नावानं 'ईव्ह'मध्ये मुत्सद्देगिरी करायचा. 11 सप्टेंबर 2012 ला लिबियात बेनगाझीच्या हल्ल्यात तो मारला गेला. त्याच्यासाठी जगभरच्या खेळाडूंनी आपल्या अवकाशस्थानकांना त्याचं नाव दिलं. त्याच्या कुटुंबासाठी पैसे गोळा केले. ज्यांच्याशी तो खेळात लढला होता तेही त्यात होते. 2014 मध्ये रेकयाविकच्या बंदरावर एक शिल्प उभं राहिलं, त्यावर त्या वेळच्या खेळाडूंची नावं कोरलेली आहेत. घरात बसून एकट्यानं पडद्याकडे पाहणाऱ्यांची ही गोष्ट नाही.

ऑगस्टभर आमच्या भागात ढोलपथकाचा सराव चालू होता. नाशिक ढोल म्हटलं की लोकांना मिरवणुकीतला आवाज आठवतो. त्यामागच्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी कुणी मोजत नाही. पथकात मुलाला पैशांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. तो रोज येणार का, हे विचारतात. एकाचा ठेका चुकला तर ओळ चुकते. भाचा दोन वर्षं पथकात होता, नाइट शिफ्ट सुरू झाल्यावर सुटलं. या वेळी विसर्जनाच्या दिवशी तो कडेला उभा राहून ऐकत होता, हात मात्र मांडीवर ठेका धरत होते. त्याला खेळ का हवा होता, हे मला त्या दिवशी कळलं. पाळ्यांमुळे त्याला कुठलंच मंडळ उरलं नव्हतं. रात्री साडेबाराला उघडं असणारं मंडळ त्याला लंडनच्या सर्व्हरवर सापडलं होतं.

मग भाषेचा प्रश्न. 'ईव्ह'मधल्या संस्थांत बोलणं चालतं ते कानाला हेडफोन लावून, इंग्रजीत, आणि लढाईच्या वेळी फार भरभर. भाचा मराठी माध्यमाचा. तो म्हणाला, "समजतं गं, पण बोलायला गेलं की अडतं." मला हे अडचणीपेक्षा संधीसारखं दिसतं. ज्या गावात चुकलं तर कुणी हसत नाही तिथं माणूस भाषा लवकर शिकतो; फक्त तसं गाव निवडायला हवं. 2004 पासून चालू असलेली 'ईव्ह युनिव्हर्सिटी' ही खेळाडूंचीच संस्था नव्यांना विनामूल्य शिकवते. तिथं आधी वर्ग ऐकायचे, बोलायची सक्ती नाही. भाच्यानं तिथूनच सुरुवात करावी, असं मी सुचवलं.

वीस वर्षं आधी आलेल्यांच्या मागे आपण कायमचेच राहू, ही नव्यांची भीती मात्र खोटी आहे. कुठल्याही कौशल्याची कमाल पातळी पाच. जुना माणूस शंभर विद्या शिकलेला असेल, पण एका वेळी तो एकच जहाज चालवतो. नव्या माणसाचं छोटं, स्वस्त जहाज शत्रूच्या मोठ्या जहाजाला जागेवर खिळवून धरू शकतं, आणि बाकीचे येईपर्यंत तेवढंच करायचं असतं. पहिल्या आठवड्यापासूनच नव्या माणसाची गरज असते.

या खेळातली मला मनापासून आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 2017 मध्ये त्यात जिनिव्हा विद्यापीठाबरोबर एक उपक्रम सुरू झाला. कोरो या दुर्बिणीनं टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख खेळाडूंना दाखवायचे, आणि तारा मध्येच किंचित मंद झालेला दिसला तर खूण करायची. त्याच्यासमोरून एखादा ग्रह गेला असू शकतो. खरा तारा, खरी नोंद. या कामाशी मिशेल मायोर जोडलेले होते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या पहिल्या परग्रहाच्या शोधासाठी त्यांना 2019 चं नोबेल विभागून मिळालं. त्याआधी याच पद्धतीनं खेळाडूंनी मानवी पेशींतल्या प्रथिनांची चित्रं वर्गवार लावली होती, 2020 पासून ताऱ्यांच्या जागी कोविडच्या अभ्यासासाठी पेशींच्या आलेखांवर काम केलं. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर अध्यक्ष लाभले होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत आणि मे 2025 मध्ये ते गेले. त्यांच्या विज्ञानकथा वाचून आमची पिढी आकाशाकडे पाहायला शिकली. अंबडच्या एका कामगारानं मध्यरात्री दोन तास खऱ्या संशोधनाचे आलेख तपासले, तर ते त्यांना आवडलं असतं, असं मला वाटतं.

ज्याला माणसांची बांधिलकी नको, फक्त आकाशात भटकायचं आहे, त्यानं वर्गणीच्या वाटेला जाऊच नये. 'एलिट डेंजरस' किंवा 'नो मॅन्स स्काय' एकदा पैसे भरून घ्यावा आणि वेळ असेल तेव्हा उघडावा.

आता पैशांचा हिशेब. नोव्हेंबर 2016 पासून 'ईव्ह' मर्यादित स्वरूपात फुकट खेळता येतो. या सभासदाला अल्फा म्हणतात आणि पैसे भरणाऱ्याला ओमेगा. अल्फाला ठरावीक कौशल्यं आणि ठरावीक जहाजं मिळतात, शिकण्याचा वेग कमी असतो. वर्षानुवर्षं पंधरा डॉलरच्या आत असलेली मासिक वर्गणी मे 2022 मध्ये 19.99 वर गेली. खेळातल्या कमाईतून 'प्लेक्स' ही खेळातलीच वस्तू घेऊन वर्गणी भागवता येते. तीस दिवसांना 500 प्लेक्स. हे ऐकून भाचा खूश झाला होता. मी त्याला वहीवर हिशेब करायला लावला: अल्फा माणसाला एवढे प्लेक्स कमवायला किती रात्री लागतील? हिशेब झाल्यावर तो म्हणाला, "ही तर दुसरी नोकरी झाली." कारखान्यातला एक ओव्हरटाइम त्यापेक्षा लवकर पैसे देतो. खेळ करमणुकीसाठी असेल तर त्याचे पैसे पगारातून द्यावेत, आणि पगारातून देणं जड जात असेल तर देऊ नयेत.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला. बहिणीलाही बोलावलं होतं. मी माझा निर्णय दोघांसमोर सांगितला. संक्रांतीपर्यंत फुकट खेळायचं, कार्ड कुठेही जोडायचं नाही. महिन्याभरात एखाद्या शिकवणाऱ्या संस्थेत जायचं. नाही गेलास तर खेळ सोडायचा, कारण एकट्यानं खेळण्यात काही नाही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात लॅपटॉप उघडायचा नाही. किती तास गेले ते रोज वहीत लिहायचं आणि वही आईला दाखवायची. चार दिवस तो दिसला नाही तर 'कुठे होतास' असं विचारणारी माणसं संक्रांतीपर्यंत तिथं झाली, तर एका महिन्याची वर्गणी मी स्वतः भरीन. एकाच महिन्याची. पुढची त्यानं ठरवावी.

बहिणीनं वहीची अट धरून ठेवली, बाकी तिला मान्य झालं. सप्टेंबरअखेर त्या वहीत एकतीस तास नोंदलेले होते, त्यांतले नऊ संशोधनाच्या आलेखांवर.

तुमच्या घरातल्या कुणी हाच प्रश्न विचारला, तर किती पैसे लागतात हे नंतर विचारा. आधी त्याच्या शेजारी बसून एक संध्याकाळ तो खेळ पाहा, आणि त्याला विचारा, कुणाबरोबर खेळणार आहेस?